बाप, बापीण आणि बादेस्सा

एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा, शिकायला घेतली तेव्हा तिसऱ्या की चौथ्या दिवशीच एक शब्द आला आणि मी तिथेच अडकले. 'पात्रो' म्हणजे वडील, आणि आई म्हणजे 'पात्रीनो'. वडिलांना 'ईनो' प्रत्यय जोडला की आई तयार. मराठीत करून बघा, बाप आणि बापीण. मी फोन बाजूला ठेवला आणि चहा करायला गेले, पण डोक्यातून तो शब्द जाईना, कारण इतकी न्याय्य, सोपी, सगळ्यांसाठी बनवलेली भाषा म्हणून जिचं कौतुक ऐकलं होतं त्या भाषेत आईला स्वतःचा शब्दच नाही हे मला पटतच नव्हतं.

आणि मग तो चहा पितानाच आठवलं की हा प्रकार मी आधी कुठेतरी पाहिलाय. इटालियनमध्ये. त्याआधी चारेक वर्षं मी इटालियनचे क्लास केले होते, आणि तिथे 'बादेस्सा' हा शब्द होता, म्हणजे जोगिणींच्या मठाची प्रमुख. पुरुष मठाधिपती तो 'आबाते'. हा शब्द मागे मागे नेला तर लॅटिन, मग ग्रीक, आणि शेवटी अरामी भाषेतला 'अब्बा' निघतो, म्हणजे वडील. लॅटिनमध्ये त्याला 'इस्सा' लावून 'अब्बातिस्सा' केलं आणि ते घासत घासत इटालियनमध्ये बादेस्सा झालं. म्हणजे ही पण बापीणच! फरक एवढाच की ही बापीण दीड हजार वर्षं जुनी, आणि एस्पेरांतोवाली १८८७ सालची, त्या वर्षी वॉर्सामध्ये ही भाषा बनवणाऱ्या झामेनहॉफने पहिलं पुस्तक छापलं तेव्हाची.

तेव्हापासून मला या दोन भाषांमधल्या धार्मिक पदव्यांचं वेडच लागलं म्हणा. पाद्री, बिशप, पोप, जोगीण, मठाधिपती, या सगळ्या शब्दांच्या शेपट्या कुठून आल्या, कोण कुणाला काय म्हणतं, आणि बाईला म्हणायची वेळ आली की भाषा काय करते. मी स्वतः ख्रिश्चन नाही, पण भाषा आतून बघायची असेल तर तिथला देवळातला शब्द बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे माणसं शब्द जपून वापरतात आणि सहजी बदलत नाहीत.

आधी एस्पेरांतो, कारण ती सरळ आहे. 'पास्त्रो' म्हणजे पुरोहित, पाद्री. 'पास्त्रारो' म्हणजे सगळे पाद्री मिळून, पुरोहितवर्ग. 'पास्त्रेत्सो' म्हणजे पौरोहित्य. 'एपिस्कोपो' बिशप, त्याच्या आधी 'चेफ' लावला की आर्चबिशप, 'चेफेपिस्कोपो'. जिथे प्रमुख असेल तिथे 'एस्त्रो' लागतो, शहराचा प्रमुख 'उर्बेस्त्रो', शाळेचा 'लेर्नेयेस्त्रो', आणि पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचा, प्रमुख म्हणजे 'पारोखेस्त्रो'. तोच प्रत्यय, महापौराला आणि पाद्रीबाबाला एकच! चर्चची इमारत म्हणजे 'प्रेजेयो', प्रार्थना करायची जागा, जसं 'लेर्नेयो' ही शिकायची जागा. संत म्हणजे 'सांक्तुलो', पवित्र असलेली व्यक्ती, आणि तो 'उलो' प्रत्यय श्रीमंत माणसालाही लागतो, तरुणालाही लागतो, कुणालाही लागतो. झामेनहॉफने हिब्रूतून जुन्या कराराचं भाषांतर केलं तेव्हा देवाच्या नावासाठीसुद्धा हाच प्रत्यय वापरला, 'एतेर्नुलो', जो शाश्वत आहे तो. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. बाजारातल्या श्रीमंत माणसाला जो प्रत्यय तोच परमेश्वराला, त्यासाठी वेगळं ठेवणीतलं काही काढलं नाही.

इटालियनमध्ये असं अजिबात नाही. तिथे प्रत्येक शब्दाला स्वतःचा इतिहास आहे आणि प्रत्येक शेपटीला स्वतःचा स्वभाव. पाद्री म्हणजे 'प्रेते' (मराठी कानाला पहिल्यांदा हे ऐकून दचकायलाच होतं, पण तो ग्रीक 'प्रेस्बितेरोस' वरून आलाय, म्हणजे वडीलधारा माणूस). आता याला शेपट्या लावा. 'प्रेतीनो' म्हणजे छोटासा, तरुण पाद्री, थोडं लाडाने, थोडं कमी लेखून. 'प्रेताच्चो' म्हणजे वाईट, बदमाश पाद्री. आणि 'प्रेतुमे' म्हणजे सगळे पाद्री मिळून, पण तिरस्काराने, जसं आपण 'भटुरडे' म्हणतो ना तसं. या 'उमे'चा स्वभाव कळायला इतकं पुरे की कचऱ्याला तिथे 'पात्तुमे' म्हणतात. पोपचं स्वतःचं राज्य १८७० पर्यंत होतं, म्हणजे मध्य इटलीतल्या लोकांवर खरोखर पाद्रीच राज्य करत होते, कर घेत होते, तुरुंगात टाकत होते, त्यामुळे पाद्र्यांना शिव्या घालणारे शब्द त्या भाषेत मुबलक असले तर त्यात नवल नाही. एस्पेरांतोतला 'पास्त्रारो' आणि इटालियनमधला 'प्रेतुमे' दोन्हीचा अर्थ पुरोहितांचा समुदाय, पण एकात फक्त मोजणी आहे आणि दुसऱ्यात राग.

पण एक गंमत बघा, तो वाईटपणा दाखवणारा 'आच्चो' झामेनहॉफच्या भाषेतही आलाय, तिथे तो 'आच' म्हणून लागतो. 'पास्त्राचो' म्हणजे नालायक पाद्री. इटालियन 'प्रेताच्चो' जाणणाऱ्याला हे शिकवावंच लागत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र 'ईनो'चा. इटालियनमध्ये 'ईनो' म्हणजे छोटा, लाडका, आणि पुल्लिंगी. 'कापुचीनो' कॉफी सगळ्यांना माहितीये, तिचं नाव मुळात कापुचीनो पंथाच्या साधूंच्या तपकिरी झग्याच्या रंगावरून पडलेलं, आणि त्यांचं नाव 'काप्पुच्चो' म्हणजे टोपडं, त्याला 'ईनो'. एस्पेरांतोत मात्र 'ईनो' म्हणजे बाई. साधू म्हणजे 'मोनाखो', आणि जोगीण म्हणजे 'मोनाखीनो'. माझ्या क्लासमधल्या एका मैत्रिणीला, जिचं इटालियन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, मी हा शब्द वाचून दाखवला तर ती लगेच म्हणाली, 'छोटासा साधू ना?' कारण इटालियनमध्ये 'मोनाको'ला 'ईनो' लावला की छोटा साधूच होतो. मी म्हटलं नाही गं, ही बाई आहे. तिला पटेचना, कारण शेवटी 'ओ' आहे. इटालियन कानाला 'ओ' म्हणजे पुरुष, 'आ' म्हणजे बाई, साधारणपणे तरी. एस्पेरांतोत शेवटचा 'ओ' म्हणजे फक्त 'हे नाम आहे' एवढंच, त्यात लिंग नाही. आणि गंमत म्हणजे इटालियनमधला सगळ्यात मोठा पुरुष, पोप, तोच 'आ'ने संपतो, 'इल पापा'. (वडिलांना 'पापा' म्हणायचं तर जोर शेवटच्या अक्षरावर, पोपला म्हणायचं तर पहिल्या, नाहीतर अर्थाचा अनर्थ.) एस्पेरांतोने त्याला इतर नामांच्या रांगेत बसवलं, 'पापो'.

या घोळाचा एक परिणाम मला साधूंच्या पंथांच्या नावात सापडला. इटालियनमध्ये फ्रान्सिसचे 'फ्रांचेस्कानो', डॉमिनिकचे 'दोमेनिकानो', पण बेनेडिक्टचे 'बेनेदेत्तीनो'. एस्पेरांतोत तिघांना एकच, 'आनो', म्हणजे सदस्य, त्या गटातला. 'फ्रांत्सिस्कानो', 'दोमिनिकानो' आणि 'बेनेदिक्तानो'. तिथे 'बेनेदिक्तीनो' केलं असतं तर ऐकणाऱ्याला बेनेडिक्ट नावाची बाईच वाटली असती.

हा 'आनो' मला एस्पेरांतोतला सगळ्यात महत्त्वाचा धार्मिक प्रत्यय वाटतो, त्यामुळे इथे जरा थांबते. 'क्रिस्तानो' म्हणजे ख्रिस्ताच्या गटातला, 'इस्लामानो' म्हणजे इस्लामचा, आणि 'उर्बानो' म्हणजे शहरात राहणारा, नुसता नागरिक. झामेनहॉफ १८५९ साली आजच्या पोलंडमधल्या बियालिस्तोकला जन्मला, ज्यू घरात, आणि त्या गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू एकमेकांना माणूस म्हणून न ओळखता 'तो त्यातला' म्हणून ओळखायचे हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. मोठा झाल्यावर त्याने सगळ्या धर्मांना जोडणारा एक विचार मांडला आणि १९०६ मध्ये त्याला नाव दिलं 'होमारानिस्मो'. हा शब्द उलगडून बघा. 'होमो' माणूस, 'होमारो' सगळी माणसं मिळून म्हणजे मानवजात, 'होमारानो' मानवजातीचा सदस्य, आणि मग त्याचा 'इस्मो'. ज्या 'आनो'ने क्रिस्तानो आणि इस्लामानो वेगवेगळे होतात त्याच 'आनो'ने त्याने सगळ्यांना एका गटात घेतलं. सबंध तत्त्वज्ञान प्रत्ययांत बसवलेलं आहे, मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भरून आलं होतं.

आणि लोकांनी काय केलं? १९०५ मध्ये फ्रान्सला बूलोनमध्ये पहिलं जागतिक एस्पेरांतो संमेलन भरलं, तिथे झामेनहॉफला एक प्रार्थनेसारखी कविता वाचायची होती, आणि तिच्या शेवटच्या कडव्यात ख्रिश्चन, ज्यू आणि मुसलमान सगळे एकाच देवाचे पुत्र असं होतं. फ्रेंच मंडळींनी आग्रह धरून ते कडवंच गाळायला लावलं. मला त्याबद्दल आजही वाईट वाटतं. पण त्याच कडव्यात मला आणखी एक गोष्ट खटकते, 'पुत्र' साठी त्याने 'फीलोय' वापरलंय, म्हणजे मुलगे. मुली त्यात येतात असं गृहीत धरायचं. मुलगे आणि मुली दोन्ही म्हणायला एस्पेरांतोत 'गे' हा उपसर्ग आहे, आईवडिलांना 'गेपात्रोय' म्हणतात तसा, पण तो तिथे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, बाईचं काय.

आमच्या आजीला सगळं गाव मास्तरीणबाई म्हणायचं. आजोबा शाळामास्तर होते म्हणून. आजी स्वतः चौथी शिकलेली. पुढे माझी आत्या खरोखर शिक्षिका झाली, बीएड वगैरे करून, आणि तिलाही गावातले म्हातारे लोक मास्तरीणबाईच म्हणत. एक लग्नाने मिळालेलं, एक शिकून मिळवलेलं, आणि शब्द एकच. पाटलीण, डॉक्टरीणबाई, सगळीकडे तेच, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं की बायको का स्वतः.

एस्पेरांतोने ही गाठ सोडवलीये, आणि तीही पार सुरुवातीलाच. झामेनहॉफच्या पायाभूत पुस्तकातल्या वाक्यपाठांतच येतं की उपचार करणारी बाई ती 'कुरात्सिस्तीनो' आणि डॉक्टरची बायको ती 'कुरात्सिस्तेद्झीनो', कारण 'एद्झीनो' म्हणजे बायको. एवढंच नाही, तिथे धोबिणीच्या नवऱ्यासाठीही शब्द दिलाय, 'लाविस्तिनेद्झो', म्हणजे तो स्वतः धोबी नाही, धोबीण असलेल्या बाईचा नवरा आहे! एकोणिसाव्या शतकात कुणीतरी नवऱ्याची ओळख बायकोच्या कामावरून करून दाखवली हे वाचून मी आनंदाने आत्याला फोन केला होता. हाच नियम देवळात न्या. 'पास्त्रीनो' म्हणजे स्वतः पौरोहित्य करणारी बाई, आणि पाद्रीची बायको 'पास्त्रेद्झीनो'. चर्च बायकांना दीक्षा देवो न देवो, भाषेने शब्द तयार ठेवलाय. 'एपिस्कोपीनो', 'पापीनो', काय हवं ते करा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

इटालियनमध्ये परवानगी लागते. तिथे 'एस्सा' हा प्रत्यय आहे, बादेस्सातला, आणि त्याचं चरित्र मोठं गुंतागुंतीचं आहे. 'साचेर्दोतेस्सा' म्हणजे पुरोहित बाई, पण ती बहुतेक जुन्या रोमन किंवा ग्रीक देवळातली. 'प्रोफेतेस्सा' बायबलमधली. 'पापेस्सा' म्हणजे दंतकथेतली जोआन, पुरुषवेषात पोप झाली म्हणतात ती, म्हणजे मुळात नसलेलीच. बाकी बऱ्याच ठिकाणी 'एस्सा' म्हणजे एकतर नवऱ्यावरून मिळालेला मान, 'जेनेरालेस्सा' ही जनरलची बायको, नाहीतर चेष्टा, 'फिलोसोफेस्सा' म्हणजे स्वतःला फार शहाणी समजणारी. पण मठात बायको असण्याचा प्रश्नच नाही, आबातेला बायको नसते! त्यामुळे बादेस्सामधला 'एस्सा' निव्वळ पदाचा आहे, त्यात नवरा कुठेच नाही. मला हे लक्षात आलं तेव्हा त्या शब्दाबद्दलचं माझं मत बदललं.

आणि या बादेस्सांना खरोखर सत्ता होती. दक्षिण इटलीत पुल्यामध्ये कोन्व्हेर्सानो म्हणून गाव आहे, तिथल्या संत बेनेडिक्टच्या मठात १२६६ पासून जोगिणी होत्या आणि त्यांची बादेस्सा बिशपसारखी उंच टोपी घालायची, हातात धर्मदंड घ्यायची, आणि गावातल्या पाद्र्यांना तिच्यापुढे येऊन मान द्यावा लागायचा. पाद्र्यांना ते आवडत नसणारच, भांडणं झाली, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. बापीण म्हणा नाहीतर काही म्हणा, बापाचा सगळा अधिकार तिच्याकडे होता.

आजच्या इटलीत मात्र 'एस्सा' नको असं म्हणणारे बरेच आहेत. १९८७ मध्ये आल्मा साबातीनी या विदुषीने सरकारसाठी भाषेतल्या लिंगभेदावर शिफारशी केल्या, त्यात 'एस्सा' टाळा आणि साधा 'आ' लावा असं म्हटलं होतं. पिएमोन्तेच्या दऱ्याखोऱ्यांतल्या वाल्देसी प्रोटेस्टंट चर्चमध्ये १९६० च्या दशकातच बायका धर्मगुरू झाल्या, आणि तिथे त्यांना सरळ 'पास्तोरा' म्हणतात. (इटालियन 'पास्तोरे' म्हणजे मेंढपाळही आणि प्रोटेस्टंट धर्मगुरूही. एस्पेरांतोने ते दोन वेगळे केले, पाद्री 'पास्त्रो' आणि मेंढपाळ 'पाश्तिस्तो', त्यामुळे बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रात देव पाश्तिस्तो आहे.) २००५ मध्ये तर त्यांच्या चर्चच्या प्रमुखपदी बाई निवडून आल्या आणि 'मोदेरातोरा' हा शब्द वापरात आला. कॅथलिक बाजूला बघा, २०१६ मध्ये पोप फ्रान्सिसने डीकन (पाद्रीच्या खालची पायरी) बायकांच्या इतिहासाचा अभ्यास करायला समिती नेमली तेव्हा इटालियन पेपरांत 'दियाकोनेस्से' हाच शब्द गाजला, जुन्या शेपटीचा. खरं तर बायबलमधल्या ग्रीक पत्रात फीबी नावाच्या बाईला नुसतं 'दियाकोनोस' म्हटलंय, पुरुषाला म्हणतात तसंच, 'इस्सा' नंतरच्या शतकांत चिकटला. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या चर्चमधल्या सर्वोच्च, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं तेव्हा इटालियन बातम्यांत मला 'आर्चिव्हेस्कोवा' दिसलं आणि फार बरं वाटलं. साधा 'आ'.

एस्पेरांतोचा 'ईनो' मग निर्दोष का? नाही. 'एद्झीनो'ची गाठ सुटली, पण 'पात्रीनो' आहेच. पुरुष मूळ आणि बाई म्हणजे जोडलेलं काहीतरी, ही रचना तशीच राहते. त्यामुळे एस्पेरांतोवालेच गेली कित्येक वर्षं वाद घालतायत, काहीजण 'ईचो' असा पुरुषांसाठी नवीन प्रत्यय वापरतात म्हणजे मग मूळ शब्द दोघांचा होईल, आणि पास्त्रोसारखे पदाचे शब्द तर आता बरेच लोक बाईपुरुष दोघांसाठी वापरतातच. मी स्वतः बाई बिशपला नुसतं 'एपिस्कोपो' म्हणते. आईला मात्र पात्रीनोच म्हणावं लागतं, दुसरा रुळलेला शब्द नाही.

मानाचं बोलायचं तर तिथे एस्पेरांतो निःसंशय पुढे आहे. इटालियनमध्ये पोपला 'साँतिता', कार्डिनलला 'एमिनेंत्सा' (हे १६३० मध्ये आठव्या उर्बानो पोपने ठरवून दिलं), बिशपला 'एच्चेलेंत्सा', पाद्रीला 'रेव्हेरेंदो', आणि पायरी चुकली की पंचाईत. एस्पेरांतोत एकच शब्द, 'मोश्तो', पोलिश भाषेतून घेतलेला, आणि पुढे विशेषण लावायचं, राजाला 'रेजा मोश्तो', बिशपला 'एपिस्कोपा मोश्तो'. पण इटालियनची एक गोष्ट मला विसरता येत नाही, ते साँतिता, एमिनेंत्सा, एच्चेलेंत्सा सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. म्हणून अशा लोकांशी बोलताना 'ती' म्हणायची पद्धत पडली आणि त्यातूनच आजचं इटालियन आदरार्थी 'लेई' रुळलं, ज्याचा मूळ अर्थ 'ती'. दुकानदारापासून पोपपर्यंत कुणालाही मान द्यायचा तर तिथे स्त्रीलिंगी बोलतात.

मागच्या वर्षी रोमला गेले तेव्हा सांता मारिया माज्जोरेच्या जवळच असलेलं सांता प्रास्सेदे हे छोटं चर्च मुद्दाम शोधून काढलं. आत संत झेनोची खोली आहे, अंधारी, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि सबंध छत सोनेरी होतं. नवव्या शतकात पहिल्या पास्काल पोपने ती बांधली. भिंतीवर चार बायका आहेत, त्यातल्या एकीच्या डोक्यामागे गोल नाही तर चौकोनी प्रभामंडळ, म्हणजे चित्र काढलं तेव्हा ती जिवंत होती. ती पास्कालची आई. डोक्यावर लिहिलंय 'एपिस्कोपा', बाजूला उभ्या अक्षरांत तिचं नाव, थेओदोरा. कुणी म्हणतं पोपची आई म्हणून दिलेला मान, कुणी म्हणतं खरंच तसं पद असावं, तो वाद चालूच आहे. तिचा नवरा बिशप नव्हता, तेव्हा बायको म्हणून मिळालेला शब्द तर तो नाही.

नावाची शेवटची अक्षरं खराब झालीयेत, 'थेओदो'पर्यंतच नीट वाचता येतं. दिवा विझला, मी पर्समध्ये अजून एक नाणं शोधलं आणि परत लावला. 'एपिस्कोपा'तला शेवटचा 'आ' स्पष्ट दिसत होता.